डाव्या पायाची चकती

"बाबा, माझा पाय आत वळतो, तो रक्तातून आलाय की मी मुद्दाम वळवते?"

प्रश्न भिंगरीचा, पण तो विचारायला लावला तिच्या दोन मैत्रिणींनी. "घाबरट! विचारून दाखव, मग मानू," असं म्हणून त्या दोघी बाबांच्या बुटांच्या दुकानाच्या दारात हसू दाबत उभ्या होत्या. मित्रांनो, या प्रश्नाचं उत्तर त्या दुकानात फक्त मला ठाऊक होतं. आणि मला तोंडच नाही, नुसता पाय आहे.

मी एक जुना फर्मा आहे. बूट शिवताना चामडं ज्याच्यावर ताणून बसवतात, तो लाकडी पाय म्हणजे फर्मा. मी डावा. माझा जोडीदार उजवा माझ्याच खुंटीवर लटकतो. भिंगरीच्या आजोबांनी आम्हाला घडवलं ते त्यांच्या मुलीच्या, म्हणजे भिंगरीच्या आत्याच्या मापानं. आधी तासलं, मग कानशीनं घासलं, मग तेल पाजलं. गिऱ्हाइकं मला हातात घेऊन म्हणायची, "वा, जिवंत पाय वाटतो हो!" मी फुशारून जायचो. लाकडाला जितकं फुशारता येतं तितकं.

पुढे आत्या शाळेच्या जिन्यावरून पडली. डाव्या पायाची बाहेरची बाजू टम्म सुजली. बूट टोचू नये म्हणून आजोबांनी माझ्या बाहेरच्या अंगाला चामड्याची चकती चिकटवली, घासून गुळगुळीत केली आणि वरून रोगण दिलं. बुटात त्या बाजूला जागा झाली, पाय तिकडे कलंडू लागला आणि पुढची बोटं आत वळली. सूज उतरली. चकती मात्र राहून गेली. आत्या तशीच चालू लागली, हळू, भिंतीच्या कडेकडेनं. सगळे म्हणाले, स्वभावच आहे तिचा.

आजोबा गेल्यावर आत्या बाजारातले तयार बूट घालू लागली. तिची चाल काही बदलली नाही. मी खुंटीवर धूळ खात पडलो, कोळ्यानं माझ्या टाचेवर संसार थाटला. एके दिवशी भिंगरीच्या बाबांनी मला खाली काढलं आणि खुशीत ओरडले, "अगं, हिला तर अगदी ताईचं लहानपणचं माप बसतंय!"

आता भिंगरी कोण? जिला जिना उतरता येत नाही, फक्त उड्या मारता येतात, ती. माझ्यावर शिवलेले बूट तिनं घातले आणि थोड्याच दिवसांत आई कौतुकानं म्हणाली, "चालसुद्धा वन्संची उचलली हो पोरीनं." मग एकेक भर पडत गेली. वन्सं कधी मैदानावर गेल्या नाहीत, ही काय जाणार! वन्सं चारचौघांत बोलत नाहीत, ही तरी कशी बोलेल! आधी हे घरचे म्हणायचे. मग भिंगरी स्वतःच म्हणू लागली, आणि वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसली.

शाळेच्या रिलेच्या संघात एक जागा रिकामी होती. नाव दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं. आई म्हणत होती, "नको गं बाई, पाय अडकून तोंडावर पडशील." म्हणून तो प्रश्न.

बाबा हातातलं काम न थांबवता म्हणाले, "रक्तातच आहे गं. विचार तुझ्या आत्याला."

आत्या कोपऱ्यात मशीनवर चामडं शिवत होती. तिनं मशीन आणखी जोरात चालवलं.

भिंगरी चिडली. आईनं दुकानामागच्या घराची फरशी नुकतीच पुसली होती, म्हणून उंबऱ्यात बूट काढून ती तरातरा आत गेली. एवढ्यात एक मैत्रीण किंचाळली, "थांब! मागे बघ!"

फरशीवर ओली पावलं उमटली होती. डावं थोडंसं आत होतं, पण अगदी थोडंसं.

"आता बूट घालून ये."

भिंगरी बूट घालून त्याच फरशीवरून आली. या वेळी डावं पाऊल चांगलंच तिरकं.

"काकू, हिचं रक्त बुटात आहे वाटतं!" दुसरी मैत्रीण म्हणाली. फडकं पिळणाऱ्या आईला हसू आवरेना.

मशीन थांबलं. आत्या उठली, तिनं मला खुंटीवरून काढलं आणि माझ्या बाहेरच्या कडेवरून अंगठा फिरवला. "अरे, ही माझी सूज आहे," ती भावाला म्हणाली. "ती तू पोरीला घातलीस."

"काहीतरीच काय ताई! लाकूडच आहे ते."

"नख लावून बघ."

बाबांनी नख लावलं. कड उचलली गेली. उचललेली कड त्यांनी अंगठ्यानं पुन्हा दाबून बसवली. मग पुटपुटले, "आपल्या बाबांच्या हातची आहे. कशी काढू?"

"त्यांनी सुजेसाठी लावली होती. सूज कधीच गेली."

बाबांनी चाकू घेतला. चकती निघाली. आत्यानं स्वतःच्या पायाकडे बघत दोन पावलं टाकली. "म्हणजे मी इतकी वर्षं..." एवढंच म्हणाली आणि परत मशीनवर जाऊन बसली.

मित्रांनो, मला दुखलं नाही. चकतीच्या जागी एक फिकट डाग राहिलाय, तेवढाच. एक मागणं मात्र आहे. जुना फर्मा वापरायला काढाल तेव्हा धूळ पुसा, तेल लावा आणि एकदा अंगठा फिरवून बघा. कुणाच्या तरी जुन्या दुखण्याचं काही चिकटलेलं असेल, तर ते नव्या पायाला देऊ नका.

भिंगरी बूट भिरकावून अनवाणीच दारापर्यंत पळाली. पाय अजून जरा आतच. चकती चाकूनं निघते, सवय निघायला वेळ लागतो.

"बघ, म्हटलं नव्हतं?" आई म्हणाली.

भिंगरी वळली. दोन्ही हात कमरेवर.

"आई, बाबा, ऐका. मी उद्या नाव देतेय. नवे बूट होईपर्यंत अनवाणी पळेन. पडले तर उठेन. आणि माझा पाय कुणावर गेलाय, हे आता मी पळून ठरवणार!"