मेण लावलेली छागल

मित्रांनो, एरंडोलला बेबाबाईंच्या ओसरीवर खुंटीला जी मळकट, जाड कापडाची पिशवी लोंबत असते ना, ती मी. मला पायपुसणं समजून कुणीकुणी ओढलंही आहे. पण जरा नीट पाहा. माझ्या तोंडाला लाकडी बूच आहे, गळ्यात सुताची दोरी आहे. मी पाण्याची छागल आहे. आता म्हातारी झाले. पण ज्यांनी मला घडवलं, वापरलं, आणि एकदा भलेपणापायी बिघडवलंसुद्धा, त्या सगळ्यांचे उपकार मला सांगायचे आहेत.

माझा जन्म बसस्टँडजवळच्या कादरभाऊंच्या दुकानातला. ट्रकच्या ताडपत्र्या शिवणं हा त्यांचा धंदा. माझ्यासाठी त्यांनी घट्ट विणीचं कापड वेगळं काढलं. त्यांच्या बायकोनं, अमिनाबींनी, माझ्या कडा मेण लावलेल्या दोऱ्यानं दुहेरी शिवल्या. मेणाचा दोरा पाण्यात लवकर कुजत नाही. हे मेण ध्यानात ठेवा, पुढे त्यानंच माझा घात केला.

सत्त्याऐंशी सालच्या चैत्रात बेबाबाई मला घ्यायला आल्या. त्यांची लेक मंदा बाळंतपणात अडली होती, आणि बाळ-बाळंतीण दोघी सुखरूप सुटल्या होत्या. बेबाबाईंनी दवाखान्याच्या पायरीवर बसूनच गडावरच्या सप्तशृंगीला शब्द दिला होता, पायी येईन आणि तुझी ओटी भरीन. हिरव्या बांगड्या आणि खण त्यांनी तेव्हाच घेऊन ठेवले होते. चैत्रात आमच्या खानदेशातून गडाकडे माणसांची रीघ लागते, तिच्यात त्या निघणार होत्या.

कादरभाऊंनी मला पाण्यानं भरून दाखवलं. माझ्या अंगावर थेंब जमले तशा बेबाबाई दचकल्या.

"कादरभाऊ, हाई ते गळस!"

"गळत नही अक्का, हिले घाम येस. घाम येस म्हनीसन पानी थंडं राहास. पुसानं नही, झाकानं नही, वारावर धरानं."

नवी छागल आधी हौदात चांगली भिजू द्यायची, म्हणजे सूत फुगतं आणि वीण दाट होते, हेही त्यांनी सांगितलं. बेबाबाईंनी मान डोलावली. पण हे सगळं ऐकायला निंबानाना तिथं नव्हते ना!

निंबानाना म्हणजे बेबाबाईंचे धाकटे दीर आणि पायी निघालेल्या मंडळींचे पुढारी. माणूस सोन्यासारखा, पण काटकसरीचा. सांडलेलं पाणी त्यांच्या जिवाला लागायचं. वहिनीचं वय पाहून त्यांनी आधीच बजावलं होतं, "वहिनी, चक्कर उनी का मी सरळ एस्टीमा बसाडी दिसू. मंग मन्हासंगे भांडानं नही." बेबाबाई हो म्हणाल्या खऱ्या. पण एस्टीत बसून फेडलेला नवस त्यांच्या लेखी नवसच नव्हता.

शेजारच्या लताबाई गडाच्या वाटेवर मुरलेल्या. त्यांनी बेबाबाईंना चार गोष्टी शिकवल्या, त्या तुम्हीही गाठीला बांधा. लांबच्या वाटेला नव्या वहाणा घालून निघायचं नाही, पायाला सरावलेल्याच बऱ्या. डांबर तापलं की कडेच्या मातीवरून चालायचं. मुक्कामाला तळपायांना एरंडेल चोळायचं. फोड आला तर टोचायचा नाही, स्वच्छ फडकं बांधायचं. उजाडायच्या आत वाटेला लागायचं आणि ऊन चढलं की झाडाची सावली सोडायची नाही. आणि तहानेची वाट न पाहता घोटघोट पाणी पीत राहायचं. शेवटची गोष्ट माझ्या भरवशावर होती, म्हणून मी फुगून गेले होते.

निघायच्या आदल्या दुपारी मला भरून ओसरीवर टांगलं होतं. खाली फरशीवर ओल आली होती. निंबानानांनी ती पाहिली, मला उलटून पालटून पाहिलं आणि अमिनाबींचा मेणाचा दोरा त्यांच्या नजरेत भरला. त्यांना वाटलं, दोऱ्याला मेण लावायचं सुचलं, कापडाला लावायचं राहिलंच की! त्यांनी दोन मेणबत्त्या तापवून माझ्या सबंध अंगाला चोळल्या. मित्रांनो, माझा जीव गुदमरला. पण एक थेंब गळेना, आणि घरातला जो तो निंबानानांच्या हुशारीचं कौतुक करायला लागला. त्या कौतुकात बेबाबाईंनाही कादरभाऊंचं सांगणं आठवलं नाही. मला तोंड असूनही बोलता येत नाही, याचं तेव्हा फार वाईट वाटलं.

पारोळ्यापर्यंत आणि पुढे धुळ्यापर्यंत निभावलं. पहाटेची चाल आणि वाटेत माठ, म्हणून कुणाला काही कळलं नाही. धुळं मागे पडल्यावर मात्र निंबानानांना पुढचा मुक्काम लवकर गाठायची घाई झाली. ऊन चढलं तरी त्यांनी मंडळींना थांबू दिलं नाही. आर्वीच्या अलीकडे बेबाबाईंनी माझं बूच काढून तोंडाला लावलं आणि घोट थुंकून टाकला. पाणी बिनसाखरेच्या चहासारखं झालं होतं. ते पिऊन त्यांना मळमळायचं, म्हणून त्यांनी पाणी पिणंच सोडलं, आणि निंबानाना एस्टीत बसवतील या भीतीनं ते कुणाला सांगितलंही नाही.

थोडं पुढे गेल्यावर त्या मैलाच्या दगडाला धरून खाली बसल्या. लताबाईंनी त्यांना शेजारच्या मळ्यातल्या कडुलिंबाखाली आणलं. मळ्याच्या मालकीण वच्छलाबाईंनी धावत येऊन ओलं फडकं त्यांच्या डोक्यावर ठेवलं. निंबानाना घाबरले होते.

"आते एस्टी येई. तवलग उठनी ते ठीक, नही ते बसाडी दिसू."

बेबाबाईंनी ओटीचं गाठोडं छातीशी घट्ट धरलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला त्या क्षणी माझीच लाज वाटली.

लताबाईंनी मला हातात घेतलं. मी बाहेरून कोरडी ठणठणीत होते. त्यांनी नाकाशी धरून वास घेतला.

"नाना, हिले मेनबत्ती कोनी चोळी?"

"मीच चोळी. पानी फुकट जाई राहिनंतं ना!"

"पानी वाचाडं नाना, आते अक्काले वाचाडा!"

निंबानानांचा चेहरा उतरला. वच्छलाबाईंच्या चुलीवर पाण्याचं भगुणं उकळत होतं. ते नानांनी स्वतः उचलून माझ्यावर ओतलं, हात भाजत असताना राखेनं आणि काथ्यानं मला घासलं, पुन्हा ओतलं, पुन्हा घासलं. मग विहिरीचं पाणी भरून मला लिंबाच्या फांदीला टांगलं आणि समोर उभे राहिले. गरम वारा सुटला होता. आम्हा छागलींना तोच हवा असतो. हळूहळू माझं अंग ओलं झालं, आणि खालच्या टोकाला एक थेंब जमला.

तेवढ्यात एस्टी आलीच. कंडक्टरनं दारातून हाक मारली, "चला, कोण बसणार?"

निंबानानांनी वहिनीकडे पाहिलं. ओल्या फडक्यानं त्यांना तरतरी आली होती, त्या उठून बसल्या होत्या. मग नानांनी माझ्याकडे पाहिलं.

"जाऊ द्या साहेब. आम्हनी छागलले घाम फुटी गया!"

कंडक्टर काहीच न समजून घंटी वाजवून गेला. बेबाबाईंनी माझं पाणी गूळ-मीठ घालून घोटघोट घेतलं. ऊन उतरेपर्यंत त्या दिवशी कुणी हललं नाही. आणि पुढे त्या चालतच गडावर गेल्या. देवीची ओटी भरून झाल्यावर त्यांनी माझ्यातलं पाणी सगळ्यांच्या आधी निंबानानांच्या ओंजळीत ओतलं. नाना ते पिताना रडले.

नंतर बरीच वर्षं मी त्या वाटेनं गेले. मग बाजारात प्लॅस्टिकच्या रंगीत बाटल्या आल्या, बेबाबाईंचे गुडघे धरले, आणि मी खुंटीवर वाळत पडले. नुसती कोरडी पडून राहिलेली छागल लवकर विरते, मित्रांनो. आम्हाला वापरत जा, वापरून झालं की सावलीत वाळवा, कुबट होऊ देऊ नका. आणि आमचा घाम बंद करू नका, एवढं मागते.

यंदा चैत्रात मंदा माहेरी आली, आईच्या वाटेनं गडावर चालत जाणार म्हणून. बेबाबाईंनी बाजेवरूनच मला भिजत घालायला सांगितलं. निघताना माझे थेंब मंदाच्या लुगड्यावर पडले, तशी ती मला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायला लागली. काठी टेकत निरोप द्यायला आलेल्या निंबानानांनी तिचा हात धरला.

"गळू दे व बाई, गळू दे तिले. तिनं गळनंच तुन्ही मायले गडवर लई गयं."

मंदानं मला खांद्याला अडकवलं. माझ्या एका कोपऱ्यावर ते जुनं मेण अजून थोडं आहे. निंबानानांनी त्यावरून हलकेच बोट फिरवलं, आणि आम्ही निघालो.