माझ्यात स्ट्रॉबेरी शिजवतात

मित्रांनो, मी तांब्याची कढई. जुनी आहेच, पण त्याबद्दल कुणी माझी कीव करू नये. कीव मला तुमची येते. दोन वर्षांत पापुद्रे सुटणाऱ्या काळ्या भांड्यांत तुम्ही जेवण शिजवता आणि वर त्याचं कौतुकही करता.

माझा जन्म उत्तर पोर्तुगालमधल्या एका डोंगरी गावातला. बेल्शिओर नावाच्या तांबटाने माझी मालकीण इदालिना, तिच्या आईच्या लग्नासाठी मला ठोकून ठोकून घडवलं. त्याच्या हातोडीच्या खुणा आजही माझ्या अंगावर आहेत. दोन भक्कम कान, रुंद पोट, आणि आतून कल्हई मुळीच नाही. साखरेत आटवायच्या फळाला ती लागत नाही, आणि माझं काम एकच होतं, ऑक्टोबर आला की मार्मेलादा शिजवायची.

मार्मेलु हे फळ तुम्ही पाहिलं नसेल. ते पिवळं असतं, मोठ्या पेरूसारखं, अंगावर लव असलेलं. कच्चं खाल्लं तर तोंड असं आवळतं की बडबडा माणूसही घटकाभर गप्प होतो. ते उकडायचं, चाळणीतून काढायचं, साखर घालायची आणि हात तुटेपर्यंत ढवळायचं. पिवळा रंग विटकरी झाला पाहिजे. ढवळणी फिरवली की मधोमध रस्ता पडला पाहिजे, त्यात माझा तळ दिसला पाहिजे आणि तो पटकन बुजता कामा नये. मग वाट्यांत ओतून खिडकीत उन्हाला ठेवायचं, चार दिवसांनी सुरीने कापून खायचं आणि गल्लीतल्या प्रत्येक घरी एकेक वाटी द्यायची. मार्मेलुची म्हणून मार्मेलादा. यात न समजण्यासारखं काय आहे?

पण युरोपातल्या बाकीच्या लोकांना ते समजलं नाही. हे मला लिओनेल मास्तरांकडून कळलं. ते शाळेतून निवृत्त झालेले, शेजारीच राहणारे. दर ऑक्टोबरात फळं सोलायला येत आणि सोलण्यापेक्षा बोलत जास्त. इंग्रजांनी म्हणे आमचं नाव उचललं, फळ टाकून दिलं आणि ते नाव कडू संत्र्यांच्या सालींना चिकटवलं. जर्मन त्यांच्याहून उदार. स्ट्रॉबेरी असो, जर्दाळू असो, साखरेत शिजून बाटलीत गेलं की झालं मार्मेलाडं. इटालियन आणि ग्रीकही त्याच माळेचे मणी. फ्रेंच तर फळाच्या कुठल्याही लगद्याला हे नाव देतात, आणि मारामारीत एखाद्याचं नाक फुटलं तरी त्याचं मार्मलाड झालं म्हणतात. त्यांच्यातल्या कुणीतरी अशीही थाप मारली की मारी नावाची राणी आजारी पडली, तिला हा पदार्थ दिला, म्हणून 'मारी मालाद', म्हणजे 'आजारी मारी', या शब्दांवरून हे नाव पडलं. मास्तर हे सांगून पोट धरून हसायचे. मला हसू आलं नाही. रक्त आटवलं इदालिनाने आणि नाव आजारी राणीचं!

असो. माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस सांगते. त्या वर्षी इदालिनाचं मनगट मोडलं. वय झालेलं, डॉक्टर म्हणाले, आता जड ढवळणं कायमचं बंद. तिचा मुलगा झेफेरिनो जर्मनीहून बायकोला घेऊन आला. त्याने पाहिलं, आई आता ढवळू शकत नाही, मग कढई काय कामाची? गल्लीच्या टोकाला घर घेतलेल्या ग्वेंडोलिन नावाच्या इंग्रज बाईंना त्याने मला देऊन टाकायचं कबूल केलं. बाईंना माझ्यात जिरेनियमची झाडं लावायची होती. पाणी तुंबू नये म्हणून माझ्या तळाला भोक पाडायचं होतं. मित्रांनो, भोक! ज्या तळाकडे तीन पिढ्या डोळे लावून बसल्या, त्या तळाला!

इदालिना म्हणाली, "शनिवारी नेऊ दे त्यांना. त्याआधी शेवटची एकदा मार्मेलादा होऊ दे."

"ढवळणार कोण?" झेफेरिनोने विचारलं.

"मी," त्याची बायको हायके म्हणाली.

मला शहारे आले. उंच, लाल गालांची ही बाई मोडकंतोडकं पोर्तुगीज बोलायची आणि प्रत्येक वाक्यानंतर माफी मागायची. शनिवारी सकाळी इदालिना प्लास्टर दाखवायला दवाखान्यात गेली. मास्तर सोलायला बसले आणि हायकेने मला चुलीवर चढवलं. अर्धा तास झाला. तिने गार बशीवर एक थेंब टाकला, बशी कलती केली. थेंब हलला नाही. तिच्या गावाकडे एवढं झालं की काम झालं. तिने सगळं काचेच्या बाटल्यांत भरलं, झाकणं लावली आणि ओळीने मांडून ठेवलं. मास्तरांनी पाहिलं आणि मिशीतल्या मिशीत हसत गप्प राहिले. शिकलेली माणसं ती, बोलायचं तेव्हा नेमकी बोलत नाहीत.

इदालिना परतली. तिने अजून कोमट असलेली एक बाटली उचलून तिरकी केली.

"हे काय सरबत केलंस, पोरी?"

"मार्मेलाडं," हायके म्हणाली.

"ही मार्मेलादा? ही सुरीने कापू की नळाने सोडू?"

तेव्हा कुठे मास्तरांना कंठ फुटला. "तिची चूक नाही, इदालिनाबाई. तिच्याकडे यालाच म्हणतात. आणि आपण तरी कुठले मालक? हा शब्द आपल्याला रोमनांनी दिला, त्यांना ग्रीकांनी. ग्रीक मधासारख्या गोड सफरचंदाला 'मेलिमेलोन' म्हणायचे."

"मग ग्रीकांना बोलवा ढवळायला! मास्तर, तोंड आवरा आणि सुरी ठेवा." मग ती खुर्चीत बसली आणि तिचा आवाज एकदम उतरला. "झेफेरिनो, दे तिला कढई. संपलं हे."

ग्वेंडोलिनबाई दारात उभ्याच होत्या, दोन्ही हातांत रोपं घेऊन. झेफेरिनोने ड्रिल आणलं, मला चुलीवरून उतरवलं आणि अंगणात पालथं घातलं. गार फरशी माझ्या कडांना लागली. मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते.

"भोक नाही!" हायके ओरडली. या वेळी तिने माफी मागितली नाही. तिने नवऱ्याला बाजूला सारलं, मला उचलून पुन्हा चुलीवर ठेवलं आणि एकेक बाटली उघडून माझ्यात उपडी केली. मग ढवळायला लागली. घट्ट होत जाणारी मार्मेलादा उकळते तेव्हा उडते. जाणत्या बायका हाताला फडकं गुंडाळतात. ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या हातावर लाल चट्टे उठले. झेफेरिनो म्हणाला, "पुरे गं, सोड आता." तिने ऐकलं नाही. तासाभराने विटकरी रंग आला.

इदालिना उठली. डाव्या हाताने ढवळणी घेऊन तिने आडवी ओढली. रस्ता पडला. त्या रस्त्यात माझा तळ लखलखत दिसला, आणि रस्ता तसाच राहिला.

इदालिनाने सुनेच्या हाताकडे पाहिलं. मग इंग्रज बाईंकडे वळली. "बाई, तुम्ही मातीची कुंडी घ्या. हिची मालकीण आली आहे." आणि त्यांना एक वाटी भरून दिली. बाई काय समजल्या कोण जाणे, पण वाटी घेऊन गेल्या.

तर मित्रांनो, आता मी जर्मनीत आहे. ऑक्टोबरात हायके माझ्यात मार्मेलादा शिजवते, आणि मान्य करायला जिवावर येतं, पण बरी शिजवते. जूनमध्ये मात्र ती माझ्यात स्ट्रॉबेरी ओतते आणि तेच नाव घेते. लाज वाटते मला. परवा इदालिनाचा फोन आला.

"काय शिजवतेस?"

"मार्मेलाडं, आई. स्ट्रॉबेरीचं."



"एक बाटली पाठव," इदालिना म्हणाली. "शिव्या घालायच्या तर चव माहीत पाहिजे."

तुमच्याही घरी माळ्यावर एखादं जुनं भांडं असेल. त्याला भिंतीवर टांगू नका, त्यात झाडं लावू नका. लिंबू-मिठाने घासा आणि चुलीवर चढवा. चुकीचं शिजवा, चुकीच्या नावाने शिजवा, काही बिघडत नाही. आम्ही तुम्हाला नावं ठेवू. आम्हाला चुलीची ऊब मिळाली की नावं ठेवणंही सुखाचं असतं.