फ्रीझरमागच्या संगणकाचा सूड

मित्रांनो, तळघरातल्या मोठ्या फ्रीझरच्या मागे धूळ खात पडलेला जुना संगणक दिसला, तर नाक मुरडू नका. तो मी आहे. आणि मी अजून चालू आहे! या घरातला एक शहाणा ते विसरला आणि मग चांगलाच पस्तावला.

माझं बालपण एका शाळेच्या ग्रंथालयात गेलं. मुलांनी मला मनसोक्त बडवलं. मग शाळेने मला मोडीत काढलं, तेव्हा शाळेची बस चालवणाऱ्या लोर्ना हॉगन बाईंनी मला उचलून घरी आणलं. त्यांचे यजमान आर्लेन दूर पश्चिमेला तेलाच्या विहिरींवर कामाला. आठवडेच्या आठवडे घर दिसायचं नाही. मुलगी मारेन शाळेच्या आइस हॉकी संघाची गोलरक्षक. तिचे सामने बापाला बघता यावेत म्हणून बाईंनी माझ्यात टीव्ही रेकॉर्ड करणारा एक साधा प्रोग्राम घातला आणि नियम लावून दिला: हॉकी दिसली की घ्यायची, आणि संपायची वेळ उलटली तरी थांबायचं नाही. मी तो नियम जिवापाड पाळला. घरी आले की आर्लेन बूटसुद्धा न काढता माझ्यासमोर बसायचे आणि मला थोपटायचे. काय दिवस होते ते!

मग उपटला ड्वाइट. बाईंचा धाकटा भाऊ, शहरातून मुक्कामाला आलेला.

"ताई, अगं हे काय भंगार बाळगून बसलीस? लोक हसतील!"

स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने लॅपटॉप उघडला आणि बाईंना तीन प्रोग्राम दाखवले. पहिला डोकं लावावं लागतं म्हणून बाद. दुसरा दिसायला साधा म्हणून बाद. तिसरा मात्र साहेबांचा लाडका! कार्यक्रमागणिक रंगीत चित्र, जाहिराती आपोआप कापणार, दाजींना परगावी फोनवर थेट दिसणार. सामना लांबला तर हा काय करतो, हे कोणी विचारलंच नाही. बाईंच्या ओठांवर आलं होतं, पण आमच्या मिनेसोटातली माणसं पाहुण्याला तोंडावर नाही म्हणतील तर शपथ! कॉफी पुन्हा ओतत बाई म्हणाल्या, "वेगळंच आहे हं." इकडे हे वाक्य म्हणजे साफ नकार. पण शहरात राहून ड्वाइट ते विसरला होता. त्याने त्याच दिवशी नवी चकचकीत पेटी बसवली आणि मला फ्रीझरमागे ढकललं.

"बस इथे गारठत," म्हणाला. मेल्याने मला बंद करायचीही तसदी घेतली नाही.

मित्रांनो, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सूड घ्यायचं ठरवलं.

छतावरच्या अँटेनाची तार ज्या डबीत येते, तिच्यातून एका वेळी दोनच वाहिन्या मिळतात. जो आधी हात घालेल त्याच्या. आणि घरातल्या वायफायवरून मी त्या डबीला अजून जोडलेलाच होतो. मग काय! ड्वाइटची आवडती मोटारींची शर्यत सुरू व्हायच्या जरा आधी मी दोन्ही बळकावायचो आणि नको ते रेकॉर्ड करत बसायचो. वर नव्या पेटीवर लाल अक्षरं यायची: वाहिनी मोकळी नाही. ड्वाइट बर्फात छतावर चढून अँटेना पिळायचा. खाली माझा पंखा आनंदाने घरघरायचा.

फेब्रुवारीत मारेनचा संघ राज्याच्या अंतिम सामन्यात पोचला. तिचं शाळेचं शेवटचं वर्ष, म्हणजे हा शेवटचा सामना. सगळे तो बघायला राजधानीत, सेंट पॉलला गेले. आर्लेनना सुट्टी नव्हती आणि विहिरीवर फोन न्यायला बंदी. त्यांनी बजावून ठेवलं होतं, "रविवारी येतोय. निकाल कोणी सांगायचा नाही. मी गाडीत रेडिओसुद्धा लावणार नाही."

त्या दिवशीही मी दोन्ही वाहिन्या घेतल्या. एकीवर सामना, दुसरीवर गोठलेल्या तळ्यावरची मासेमारी. मासेमारी निव्वळ खुन्नस म्हणून! ठरल्या वेळेत सामना बरोबरीतच राहिला, जादा वेळ झाला, पुन्हा जादा वेळ झाला. मी थांबलो नाही.

रविवारी आर्लेन दिवसभर गाडी हाकून आले. नव्या पेटीवर हॉकीचं सुंदर चित्र होतं. त्याखाली तीच लाल अक्षरं.

आर्लेननी नुसती टोपी काढून मांडीवर ठेवली.

"दाजी, ती अँटेनाच..." ड्वाइट सुरू झाला.

"ड्वाइट, तोंड बंद ठेव!" लोर्नाबाई कडाडल्या. त्या घरात असं कोणी कोणाला कधी बोललं नव्हतं. त्या तडक तळघरात उतरल्या आणि माझा हिरवा दिवा बघून ओरडल्या, "अगं बाई, हा जिवंत आहे! हॉकी दिसली की घेतोच हा, सामना असणार याच्यात!"

मला वर नेलं, टीव्हीला जोडलं. पण ड्वाइटने मला काढताना वायर अशी हिसडली होती, की माझं वायर खोचायचं भोक पार सैल झालं होतं. कोणी वायर दाबून धरली तरच चित्र टिकायचं. कोण धरणार? सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. साहेब गुडघे टेकून, टीव्हीकडे पाठ करून बसले.

"मामा, हलू नकोस ना!" मारेन दर थोड्या वेळाने खेकसायची. अहाहा! कान निवले माझे.

शेवटी चेंडूऐवजी असते ती रबरी चकती मारेनच्याच बुटाला लागून गोलमध्ये गेली. सामना हरले. निकाल फुटू नये म्हणून तिने आतापर्यंत रडू दाबून ठेवलं होतं, आता हुंदका फुटला. "मीच घालवला, बाबा."

"इतका वेळ कोणी टिकवला?" आर्लेन म्हणाले. "वाईट नव्हतं, पोरी. मुळीच वाईट नव्हतं." आमच्याकडे याहून मोठी शाबासकी नाही. आणि त्यांनी तिला कुशीत घेतलं.

"दाजी," मागून केविलवाणा आवाज आला, "सोडू का आता? गुडघे गेले माझे."

"थांब," आर्लेन म्हणाले. "पहिल्यापासून पुन्हा लावतोय."

मित्रांनो, जुन्या यंत्राला टाकायचंच असेल तर खुशाल टाका. पण त्याची वायर हळू काढा.