पंतोजींना अडलेला शब्द

"घागरीखाली डोक्यावर ठेवतात ते फडक्याचं वेटोळं?"

"चुंबळ," दिगंबरपंत म्हणाले. "सोपं आणलंस. पुढचा."

"वासरानं माती खाऊ नये म्हणून तोंडाला बांधतात ते?"

"मुसकं. तुझ्याही तोंडाला एक हवं."

पोरं खिदळली. कसब्यातल्या मारुतीच्या ओवरीत पंतोजींची ही रोजची रीत होती. धूळपाटीवर अक्षरं गिरवून झाली की प्रत्येकानं घरातली, गोठ्यातली एखादी वस्तू वर्णन करून सांगायची. पंतोजी तिचं नाव सांगणार आणि ते नाव घोकत पोरं घरी जाणार. पंतोजी अडले तर शाळेला सुट्टी. अशी सुट्टी आजवर कुणाला मिळाली नव्हती. "जगात जे आहे त्याला शब्द आहे," असं ते मोठ्या तोऱ्यात सांगत.

आज मात्र त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मुलगा माधव फौजेबरोबर कारकून म्हणून उत्तरेला गेला होता. पानिपताची वार्ता आली, मागाहून थोडेफार जखमी लोकही परतले, पण माधव आला नाही. त्याला पडताना कुणी पाहिलं नव्हतं आणि जिवंतही कुणी पाहिलं नव्हतं. सून मथुरा रोज कुंकू लावत होती. तिला विधवा मानावं म्हणून भाऊबंदांनी तगादा लावला, तेव्हा शेवटी पंतोजींनी होकार दिला. आज न्हावी घरी येणार होता, सुनेच्या केसांवरून वस्तरा फिरवायला.

"सोनबा, तुझं काय?"

सोनबा हडपसरच्या एका शिलेदाराचा मुलगा. बाप फौजेत गेल्यापासून आईबरोबर इथे कसब्यात मामाकडे राहत होता.

"पंतोजी, जिचा धनी मेला बी न्हाई आन् माघारी आला बी न्हाई, त्या बाईला काय म्हनत्यात?"

पंतोजी त्याच्याजवळ सरकले.

"कुणी शिकवलं तुला हे?"

"कुणी न्हाई. माजी आय हाय ना तशी. मामी म्हनती रांड, आय म्हनती सवाशीण. रोज भांडत्यात. तुमी खरा शबुद सांगा, म्हंजी मी घरी सांगतो."

पंतोजींना पोथ्यांतला एक शब्द आठवला, नवरा परगावी असलेल्या बाईचा. पण माधव आहे असं तरी कुणी म्हणावं? आणि नाही असं आपण कशाच्या जोरावर म्हणालो?

"पंतोजी हरले!" मागून एक पोर ओरडलं. "सुट्टी!"

पोरं उठायच्या आत पंतोजीच पायऱ्या उतरले होते. पागोटं ओवरीतच राहिलं. बोडक्या डोक्यानं धावणारे दिगंबरपंत पाहून सारी आळी दारात आली.

अंगणात न्हावी वस्तऱ्याला धार लावत होता. पाटावर मथुरा, केस मोकळे, कपाळ पुसलेलं, भोवती फुटलेल्या बांगड्या.

"वस्तरा उचल आणि चालू लाग," पंतोजी धापा टाकत म्हणाले.

चुलतभाऊ श्यामसुंदरपंत पुढे झाले. "अहो, आता हे काय नवीन? लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणायला शब्द सापडला तर मलाही येऊन सांगा. मला सापडत नाहीये."

न्हावी गेला, पाठोपाठ भाऊबंदही गेले. सासऱ्यासमोर कधी वर न पाहिलेल्या मथुरेनं मान वर केली.

"मग मी कोण, मामंजी?"

"माहीत नाही, पोरी," पंतोजी म्हणाले आणि तिथेच जमिनीवर बसून लहान मुलासारखे रडू लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भरल्या शाळेत सोनबाला जवळ बोलावलं. "आईला सांग, पंतोजींना शब्द येत नाही. तो सापडेपर्यंत तिनं कुंकू लावावं."

घरी मथुरा काचांचे तुकडे वेचत होती. अंगण स्वच्छ झाल्यावर तिनं करंडा उघडला. कुंकवावर बोट टेकवून ती कितीतरी वेळ तशीच बसून राहिली.