आरशात सगळं दिसतं

ग्लेन्डाने ब्रेक दाबला आणि सवयीने लाल दिव्यांचं बटणही दाबलं. शाळेच्या रिकाम्या पिवळ्या बसच्या अंगातून इतर वाहनांसाठीची ‘थांबा’ची पाटी बाहेर आली. रस्त्यावर तर चिटपाखरू नव्हतं. दोन्ही बाजूंना कापणी झालेली मक्याची शेतं उघडी पडली होती, आणि कडेला एक निळी गाडी मागच्या पंक्चर चाकावर बसली होती. गाडीपाशी पाना घेऊन उभी असलेली बाई कोण, हे तिने मघाशी लांबूनच ओळखलं होतं. ओळखून ती पुढे निघूनही गेली होती. मग एका शेताच्या वाटेवर तिने बस वळवली आणि परत आली.

“चढा,” दार उघडत ती म्हणाली. “शाळेपर्यंत सोडते.”

शाळेच्या ग्रंथपाल मिसेस हार्बो जागच्या हलल्या नाहीत. “मुलांशिवाय कुणाला घेता येत नाही ना तुम्हाला?”

“नाही येत. गारठून मराल इथे. चढा.”

गेल्या महिन्यात शाळा मंडळाची सभा झाली होती. लायब्ररीतलं एक पुस्तक ठेवायचं की काढायचं, यावरून गावात दोन तट पडले होते आणि सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. ग्लेन्डा जन्मात पहिल्यांदा माइकसमोर उभी राहिली. ती बरंच काही बोलली. पण लोकांपुढे उरले ते शेवटचे काही क्षण. लालबुंद चेहरा, चिरकलेला आवाज, वर उगारलेलं बोट आणि एक वाक्य : “मी बस चालवते! मला आरशात सगळं दिसतं!”

कुणीतरी ते टिपलं, कुणीतरी त्याला दणदणीत संगीताची साथ जोडली, आणि ते देशभर फिरलं. एका वाहिनीने तिला ‘निडर आई’ करून टाकलं. तिला मूलबाळ नव्हतं. दुसरीवर एका विनोदवीराने तिच्या केसांसारखा टोप घालून तिची नक्कल केली. पेट्रोल पंपावर ते वाक्य छापलेले कप विकायला आले. नवरा हौसेने एक घेऊन आला, पण तिचा चेहरा बघून त्याने तो फडताळात मागे सारला. आणि ज्यांनी ग्लेन्डाला डोक्यावर घेतलं, त्यांच्यातल्या काहींनी, पुस्तक ठेवा म्हणणाऱ्या मिसेस हार्बोंना असं काही लिहून पाठवलं की ते पोलिसांना दाखवावं लागलं. तेव्हापासून या दोघी दुकानात समोरासमोर आल्या, तर एक जण वाट बदलायची.

मिसेस हार्बो पहिल्या सीटवर बसल्या. बस बरीच पुढे गेल्यावर ग्लेन्डाने विचारलं, “कुणी केलं?”

“खिळा होता. आपोआप लागला असेल. नसेलही. हल्ली मी विचारच करत नाही.”

“मी कुणाला सांगितलं नव्हतं हो, तुमच्यामागे लागा म्हणून.”

“ठाऊक आहे. आणि त्या टोपवाल्याला मी फोन केला नव्हता.”

ग्लेन्डाला हसू फुटलं. तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

“एक विचारू?” मिसेस हार्बो म्हणाल्या. “रागावू नका. त्या दिवशी मी दुसऱ्या बाजूच्या रांगेत होते. पण त्याआधी तुम्ही काय बोललात, ते मला आठवत नाही. ती क्लिप इतक्यांदा पाहिली, की आता मलाही तेवढंच आठवतं.”

ग्लेन्डाने उगाच वायपर लावले, बंद केले. इतक्या लोकांनी तिला इतकं काही विचारलं होतं, पण हे कुणीच विचारलं नव्हतं.

“मी त्या पुस्तकासाठी गेलेच नव्हते,” ती म्हणाली. “बोलण्यासाठी नाव द्यायला गेले, तर टेबलावरची पोरगी विचारते, बाजूने की विरोधात? म्हटलं, मुलांच्या बाजूने. तिने विरोधात लिहून टाकलं.”

“मग कशासाठी?”

“बसच्या शेवटच्या रांगेत एक मुलगी रडत असते. त्या पुस्तकात ती नशेत बुडालेली आई आहे ना, तिची पानं पोरं हिच्यापुढे मोठ्याने वाचतात. हिची आईही तशीच, म्हणून. मी ऑफिसात सांगून थकले. पुस्तक ठेवा नाहीतर काढा, पण त्या पोरीशी कुणीतरी बोला, एवढंच सांगायचं होतं. तर मंडळाचे अध्यक्ष म्हणतात, तुम्हाला काय कल्पना? मग ओरडले मी.”

“वेरा,” मिसेस हार्बो हळूच म्हणाल्या.

“तुम्हाला कसं माहीत?”

“जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे येऊन बसायची. ते पुस्तक तिने दोनदा घरी नेलं होतं. परत करताना म्हणाली, यातली मुलगी शेवटी बरी असते.”

“बसायची? आता नाही?”

“सभेनंतर सुट्टीत लायब्ररी बंद असते. माझ्याच सुरक्षेसाठी म्हणे.” त्या थोड्या पुढे वाकल्या. “अजून रडते का हो ती?”

ग्लेन्डाची नजर समोरच्या रस्त्यावरच राहिली.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “मी आरशात बघायला मान वर केली, की सगळी पोरं एका सुरात ते वाक्य ओरडतात. म्हणून मी मागे बघणंच सोडलंय.”

शाळा आली. मिसेस हार्बो उतरून आत गेल्या.

दुपारी मुलं ढकलाढकली करत बसमध्ये चढली. सगळ्यांच्या मागून, जॅकेटची टोपी डोळ्यांवर ओढलेली वेरा चढली. आणि तिच्यामागून, पर्स काखेत मारून, मिसेस हार्बो.

“माझी गाडी गॅरेजमध्ये आहे,” त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

दारापाशी उभे असलेले शिक्षक पुढे आले. “ग्लेन्डा, नियमाप्रमाणे...”

“नियम पाठ आहेत मला, सर,” ग्लेन्डा म्हणाली.

आत मोबाइल वर झाले. कुणीतरी ते वाक्य सुरू केलं, आणि बघता बघता सगळी बस ओरडू लागली. मिसेस हार्बो त्या गलक्यातून, सीटच्या पाठींना धरत धरत, पुढच्या रिकाम्या जागा ओलांडून शेवटच्या रांगेपर्यंत गेल्या. तिथे त्या थोड्या वाकल्या, हे ग्लेन्डाने आरशात पाहिलं.

वेराने शेजारचं दप्तर उचलून मांडीवर घेतलं. मग ती काहीतरी म्हणाली. ते ग्लेन्डाला पुढच्या सीटवर ऐकू आलं नाही. तिने बस सुरू करायची घाई केली नाही.