मानेला न लागणारा कॅमेरा

यावर तुमचा विश्वास बसणार नाही. माझ्या मेहुण्याचा बसला नाही, तिथे तुमचं काय! पण जगातला सगळ्यात हलका आणि सगळ्यात लांबचं दाखवणारा कॅमेरा निवडला तो मी.

ही वेळ आणली मेहुण्यानेच. रविवारी आमची टोळी टेकडीवर भटकायला जाते. सुळक्यावर गरुडाचं घरटं आहे आणि पिल्लाला दात येतायत, एवढंच मी बोललो. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, फार झालं. फोटो दाखवा, नाहीतर पुढच्या रविवारपासून नुसतं चालायचं. बोलायचं नाही." टोळीने माना डोलावल्या. आमच्या हिनेसुद्धा.

आता, न बोलता चाललो की मला धाप लागते. तेव्हा दुकान गाठणं भाग होतं.

माझ्या मानेला पट्टा, वजनाला डॉक्टरांची बंदी. म्हणून एकेक कॅमेरा गळ्यात अडकवून पाहिला. पहिला अडकवला आणि स्वतःच्या चपला बघत बसलो. दुसराही तसाच. दुकानदार सांगत होता, "हा तीसपट झूम, हा चाळीसपट..."

"पटीचं राहू दे. मानेचं बोल."

तेवढ्यात काचेमागचा एक दिसला. गळ्यात घातला आणि घातलाय हेच विसरलो.

"आजोबा, तो नको. तो आपला..."

"महाग असेल. असू दे."

"महाग कसला! हवाच असेल तर न्या तसाच, फुकट."

पारखी गिऱ्हाईक रोज कुठे येतं? त्यालाही कळत असणार.

दारात उभं राहून कॅमेरा टेकडीवर रोखला. बटण दाबताच भिंग सरसरत पुढे गेलं, रस्ता ओलांडून थेट समोरच्या न्हाव्याच्या दुकानात. न्हाव्याने सवयीने त्याला फेस लावला. तो पुसला आणि पाहतो तर घरटं! पिल्लाला चार दात, त्यातला एक किडका. खटकन फोटो काढला.

रविवारी पायथ्याशी टोळीला हे सगळं सांगितलं.

"आणि फोटो?" मेहुणा.

"निघालाय. इतक्या लांबचा फोटो, यायला वेळ लागणारच."

कोणी हसलं नाही. उलट एकाने विचारलं, "साधारण कधीपर्यंत येईल?" मेहुण्याचा चेहरा पडला. जिंकलोच होतो मी.

पण हिने माझ्या गळ्यातला कॅमेरा काढला. कानाशी धरून हलवला. तळाचं झाकण नखाने उघडलं आणि आत बोट घातलं. बोट पार भिंगाला जाऊन टेकलं.

"अहो," ती म्हणाली, "फोटो यायचा कुठून? दुकानात शोभेला मांडतात तो पोकळ डबा आहे हा! चला, आता तोंड मिटा आणि चढा."