जुनी एकवीरा

कोलशेतच्या रंगाच्या कारखान्यात मंजुळा लागली ती बापाच्या जागेवर. बाप म्हणजे दौलत कोळी. खाडीतली होडी सोडून वायरमन झाला आणि वायरी ओढता ओढता कारखान्याचं सगळं कॉम्प्युटरचं नेटवर्क सांभाळू लागला. सत्त्याण्णव सालच्या खंडेनवमीला त्याच्या छातीत कळ आली आणि माणूस खलास. कारखान्याने मुलीला घेतलं, पण सहा महिने बघू म्हणून. ‘बघू’ हा साहेब लोकांचा फार लाडका शब्द. त्यात ठेवणंही बसतं आणि हाकलणंही.

सहा महिने संपत आले तेव्हा ही कटकट उपटली. कारखान्यातला मुख्य सर्व्हर, एकवीरा, नवा आणला होता. नाव दौलतनेच जुन्याला ठेवलेलं, कुलदेवीचं. सगळ्यांच्या तोंडी बसलेलं म्हणून नव्यालाही तेच दिलं. नवा सर्व्हर नव्या इमारतीत गेला आणि जुना दौलतने नवरात्राच्या तोंडावर बंद केला, असं सगळेच धरून चालले होते. आता जुन्या इमारतीतल्या स्टोअर्सला पहिलं नवं मशीन बसवायचं होतं, आणि ते काही केल्या डोमेनमध्ये येईना. डोमेन म्हणजे गावची चावडी म्हणा ना. तिथे नोंद झाली तर मशीन घरचं, नाहीतर उपरं.

“शनिवारपर्यंत हे जोडलं गेलं पाहिजे,” कर्णिक साहेब म्हणाले. “नाहीतर मुंबईची एजन्सी बोलावतो. मग तुझं काय करायचं ते बघू.”

आई घरी एकच पालुपद लावून होती. “बापाचा नाव राख गो पोरी.”

मंजुळाने केबल बदलली, कार्ड बदललं, विंडोज पुन्हा टाकून बघितलं. मशीन एकच रड लावून बसलेलं: पासवर्ड चुकीचा. तोच पासवर्ड नव्या इमारतीत बिनतक्रार चालत होता. ती एकवीराला नावाने पिंग करून बघायची, म्हणजे हाक मारायची; उत्तर लगेच यायचं, आणि तिचा जीव भांड्यात पडायचा. नेटवर्क ठीक आहे, मग घोडं पेंड कुठे खातंय?

शुक्रवारी तिचं लक्ष त्या उत्तरातल्या आकड्याकडे गेलं. पत्ता नव्या सर्व्हरचा नव्हताच. उत्तर येतंय याच्याच आनंदात उत्तर देतंय कोण, हे बाईने बघितलंच नव्हतं! नव्या इमारतीच्या वाटेवर राउटर होता, दोन नेटवर्कांमधला नाका, आणि नावाने मारलेली हाक राउटर ओलांडत नाही. मशीन आपल्याच गल्लीत ओरडत होतं, एकवीरा कोण? आणि याच इमारतीतलं कुणीतरी म्हणत होतं, मी. नवा पासवर्ड मात्र त्याच्या गावीही नव्हता.

केबलचा माग काढत ती पॅनेलरूममागच्या अडगळीच्या खोलीपाशी आली. किल्ली चांगदेवकडे. चांगदेव कंत्राटी इलेक्ट्रिशियन, राहायला कोपरीला, बापाचा जुना दोस्त. त्याने कुलूप काढलं. आत जुना सर्व्हर घरघरत होता. पेटीवर वाळलेलं कुंकू आणि झेंडूची काळी पडलेली माळ.

“काका, हा चालू कसा?”

“दौलतनं सांगितलेलं,” चांगदेव म्हणाला. “घट बसलेत, देवीच्या नावाचं मशीन नऊ दिवस विझवायचं नाय. दसऱ्याला मीच येऊन बंद करतो, बोलला. साहेबाला बंद केला म्हणून सांगून पण टाकलेलं त्यानं. आपण बौद्ध माणूस, आपल्याकडं घट-बिट काय नाय. पण दोस्ताचा शब्द होता ना. आन् मग तो आलाच नाय. माझा हात होईना गं.”

मंजुळाला भडभडून आलं. बाप जाऊन सहा महिने होऊन गेले होते आणि त्याने लावलेलं काहीतरी अजून चालू होतं. तिने आपल्या हाताने ते बंद केलं. मग वर येऊन, बापाने जुन्या मशीनांत लिहून ठेवला होता तसा, नव्या मशीनमध्ये नव्या एकवीराचा पत्ता लिहिला, पासवर्ड टाकला आणि पडद्यावर डोमेनमध्ये स्वागताची ओळ आली.

साहेब आले तेव्हा चांगदेव जुनी पेटी उचलून पॅसेजमध्ये ठेवत होता. त्यांनी हात लावून बघितलं. पेटी गरम होती.

“हा चालू होता? कोणी ठेवला?”

चांगदेवने जे होतं ते सांगितलं. साहेबांचा चेहरा लाल झाला.

“मेलेला माणूस साक्षीला येत नाही, हे बरं सापडलं तुला! दौलत माझ्याशी खोटं बोलला? वीस वर्षं ओळखत होतो मी त्याला.” ते मंजुळाकडे वळले. “तू सांग. तुझे वडील असं करतील?”

खरं सांगितलं तर बाप खोटारडा ठरत होता, आणि खोटारड्या बापाच्या जागेवर लेकीला कोण कायम करणार? चांगदेव तिच्याकडे बघत होता. दसऱ्याच्या दिवशी, धम्मचक्र प्रवर्तनाचा, त्याच्या लोकांचा एवढा मोठा सण टाकून, दौलतच्या तिरडीला त्याने खांदा दिला होता.

“नाही, सर,” ती म्हणाली. “बाबा असं करणार नाहीत.”

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरही कुणी नव्हता; होता तो फक्त संन्यासी. चांगदेवने खिशातली किल्ली काढून टेबलावर ठेवली.

“माझंच चुकलं असंल, साहेब.”

“उद्यापासून येऊ नकोस,” साहेब म्हणाले आणि निघून गेले.

चांगदेवने खुंटीवरची डब्याची पिशवी घेतली. दारात थांबून त्याने विचारलं, “मशीन लागलं ना गं?”

तिने मान हलवली.

“मग रडतेस कशाला? आता करतील तुला कायम.”

तो गेला. मंजुळाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या लाजेच्या तळाशी हायसंही वाटत होतं, नोकरी वाचली म्हणून. आणि ते काही केल्या जाईना.